एक खिळा, एक जागा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवारच्या पुरवणीत मुलांच्या पानावर इंग्रजी शब्दांचं कोडं येतं. पाच-सहा अक्षरं दिलेली असतात, त्यांतून होतील तेवढे शब्द करायचे आणि उत्तरं पुढच्या रविवारी ताडून बघायची. आमच्या घरी मिसळीचा कट उकळेपर्यंत ते सुटलेलं असतं. सोडवणारी माझी नात, सहावीतली. मी शेजारी चष्मा लावून बसतो आणि गप्प राहायचा प्रयत्न करतो. तो बहुतेक वेळा फसतो.

दोन आठवड्यांपूर्वी एस, टी, ई, ए, एल अशी पाच अक्षरं होती. छान जमलेला संच. त्यात स्टील म्हणजे चोरणं आहे, स्टेल म्हणजे शिळं आहे, स्लेट म्हणजे पाटी आहे, टेल्स म्हणजे गोष्टी आणि लीस्ट म्हणजे सगळ्यांत कमी. पाचही शब्दांत तीच पाच अक्षरं, ना एक जास्त ना एक कमी. पण मागच्या रविवारी उत्तरांच्या चौकटीत सहावा शब्द होता, टेस्ट. आता टेस्ट चवीचा घ्या नाहीतर परीक्षेचा, टी दोन लागतातच. आणि दिलेला टी एकच. नात मला म्हणाली, "आबा, पेपरात छापलंय म्हणजे बरोबरच असणार की." त्या वाक्यानं मला पत्र लिहायला बसवलं.

(इंग्रजी शब्द मी देवनागरीतच लिहितोय. स्पेलिंग वाचकांनी मनात मांडून घ्यावं, म्हणजे कोडं सोडवायची मजाही येईल.)

एवढ्याशा चुकीसाठी मी आपला वेळ घेतला नसता. पण त्याआधी महिनाभर आमच्या घरात याच गोष्टीवरून एक रडारड झालेली आहे. मंगळवार पेठेत एका तालमीच्या हॉलमध्ये एका खासगी क्लासनं मुलांसाठी शब्दांची स्पर्धा घेतली होती. क्लासचं नाव लिहीत नाही, भांडण लावायचं नाही मला. फळ्यावर मोठ्या अक्षरांत इंग्रजीत कोल्हापूर लिहिलं होतं आणि वीस मिनिटांत या नावातल्या अक्षरांतून जास्तीत जास्त शब्द करायचे होते. कल्पना झकास! कारण आमच्या गावाच्या स्पेलिंगमध्ये एक खुबी आहे, ती स्पर्धा घेणाऱ्यांच्याही लक्षात आली नसावी. के, ओ, एल, एच, ए, पी, यू, आर. आठ अक्षरं आणि आठही वेगळी. एकही पुन्हा येत नाही. मुंबईत एम दोन आहेत. साताऱ्यात ए तीन. इचलकरंजीचं तर विचारू नका, ए तीन आणि आय दोन. म्हणजे कोल्हापूरच्या अक्षरांतून शब्द करताना एकच अक्षर दोनदा लागणारा कुठलाही शब्द आपोआप बाद. बघायचा तो लूक बाद, पोहायचा पूल बाद, गरीब या अर्थाचा पुअर बाद, सगळ्यांत ओ दोन-दोन. ओढायचा पुल बाद, एल दोन.

त्यात ई नाही, हे आणखी एक. इंग्रजीत सगळ्यांत जास्त लागणारं अक्षर तेच, आणि तेच आमच्या गावाकडं नाही. साधा 'द' करता येत नाही. एस नाही, म्हणून एकाचं अनेकवचन करून दुप्पट शब्द दाखवायची चलाखीही चालत नाही. खरं डोकं चालवावं लागतं.

नातीनं एकतीस शब्द केले. पार्क, लार्क, हार्प, अवर, पोअर, ओक, ओपल, पोलर, पोल्का, हेलो म्हणजे देवाच्या डोक्यामागचं तेजोवलय, असे. दोन शब्द पाहून मीही चाट पडलो. एक कोल, म्हणजे सुरमा, काजळ. कोल्हापूरची पहिलीच चार अक्षरं घ्या, त्यातली शेवटची दोन आपापसात बदला, झाला कोल. आणि दुसरा ओक्रा. ओक्रा म्हणजे भेंडी. भेंडीला लेडीज फिंगर म्हणतात तेवढंच आम्हाला ठाऊक. हिनं कुठल्याशा परदेशी रेसिपीच्या व्हिडिओत ऐकून ठेवलेलं.

पहिला नंबर सत्तेचाळीस शब्द करणाऱ्या मुलाला मिळाला. मी ती वही मागून घेऊन पाहिली. लूक होता, पूल होता, हुक होता, पुअर होता, रोल होता, कोआला होता, पार्लर होता. कोआलात ए दोन, पार्लरमध्ये आर दोन. त्या पोराची चूक नाही, त्याला कुणी नियमच सांगितला नव्हता. पण नातीच्या वहीत लाल पेननं दोन फुल्या होत्या. एक ओक्रावर, "असा शब्द नाही" म्हणून. दुसरी पुलाववर, "हा इंग्रजी नाही" म्हणून.

मी तपासणाऱ्या बाईंना म्हणालो, "मॅडम, ह्या फळ्यावर ओ किती आहेत?" त्या म्हणाल्या, "आजोबा, ओ आहे ना त्यात, मग झालं. मुलांचा उत्साह महत्त्वाचा." तेवढ्यात नात माझा शर्ट ओढून म्हणाली, "आबा, ओ एकच आहे की ओ!" हॉलमध्ये हशा पिकला. तिच्या डोळ्यांत पाणी होतं हे हसणाऱ्यांना दिसलं नसावं.

दुसऱ्या दिवशी मी करवीर नगर वाचन मंदिरात गेलो. १८५० सालची आमची लायब्ररी, तिथं जाडजूड डिक्शनऱ्या आहेत. ओक्रा सापडला. पुलावही सापडला. म्हणजे कोल्हापूरच्या इंग्रजी नावात पोर्क आहे, पुलाव आहे, भेंडीसुद्धा आहे, पण मटण काही केल्या बसत नाही! एम नाही, टी नाही, एन नाही. तांबड्या-पांढऱ्यावर वाढलेल्या माणसाला हे कळल्यावर कसं वाटतं ते आपण समजून घ्याल.

आता मी कोण, आणि एका ओसाठी एवढा का पेटलो, ते सांगतो. मी निवृत्त कंपोझिटर, म्हणजे छापखान्यात शिशाची सुटी अक्षरं जुळवणारा; त्या अक्षरांना आम्ही खिळे म्हणतो. १९७१ साली अठराव्या वर्षी शुक्रवार पेठेतल्या एका छापखान्यात लागलो आणि खिळे संपून कॉम्प्युटर येईपर्यंत हेच केलं. मॅट्रिकला इंग्रजीत गचकलेला मुलगा मी. छापखान्यातल्या मास्तरांनी पहिल्या आठवड्यात माझ्या हातात शिशाचे सहा खिळे ठेवले. एल, आय, एस, टी, ई, एन. म्हणाले, "स्टिकमध्ये लाव." स्टिक म्हणजे ओळ जुळवायची हातातली पट्टी, आणि केस म्हणजे खिळ्यांच्या खणांची पेटी. मी लावले. "काय झालं?" मला वाचता येईना, कारण खिळ्यावर अक्षर उलटं असतं, आरशातल्यासारखं. त्यांनी वाचून दाखवलं, लिसन, ऐक. मग म्हणाले, "आता केसमधनं एकही नवा खिळा उचलायचा नाही आणि ह्यातला एकही खाली ठेवायचा नाही. ह्या सहांतनं दुसरा शब्द करून आण."

मला दोन दिवस लागले. जेवणाच्या सुट्टीत ते सहा खिळे भाकरीच्या फडक्यावर मांडून बसायचो. तिसऱ्या दिवशी सायलेंट लागला. मास्तर हसले आणि म्हणाले, "लिसनमधला टी सायलेंट असतो, एवढं ध्यानात ठेवलंस तर स्पेलिंग चुकणार नाहीस." आजतागायत चुकलेलं नाही. मग एनलिस्ट, म्हणजे भरती होणं. मग इनलेट्स, म्हणजे समुद्राचं पाणी जमिनीत शिरतं त्या खाड्या. एक शब्द तर मी चुकून केला, टिन्सेल, आणि असा शब्द असतो हे मला माहीतच नव्हतं. मास्तरांनाही नव्हतं. त्यांनी मालकांच्या टेबलावरची डिक्शनरी उघडून बघितली, मग मला अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली.

नातीला हा शब्द सांगितला तेव्हा तिनं विचारलं, "टिन्सेल म्हणजे?" अर्थ तोंडी सांगण्यापेक्षा तिला महाद्वार रोडवर घेऊन गेलो. गणपतीचे दिवस होते, दुकानांच्या दारात सोनेरी-रुपेरी झिरमिळ्यांच्या माळा लोंबत होत्या. एक माळ हातात दिली, म्हटलं, हे टिन्सेल. आता तो शब्द ती जन्मात विसरायची नाही. क्लासवाले शंभर-शंभर शब्दांच्या याद्या पाठ करून घेतात, त्यातला टिन्सेल कुणाच्या हाताला लागत नाही. असो, तो विषय वेगळा.

तर "एक खिळा, एक जागा" हे मास्तरांचं वाक्य. आमच्या धंद्यात तो नियम शिकवायची गरजच नव्हती, खिळा स्वतःच शिकवायचा. एक प्रसंग सांगतो. पोस्टरसाठी आमच्याकडं लाकडी टाइप असायचा, तळहाताएवढी अक्षरं. मराठीचा भरपूर, कारण खासबागेतल्या कुस्त्यांच्या मैदानाची पोस्टरं सारखी निघायची. इंग्रजीचा मात्र एकच तुटपुंजा संच. दिवाळीच्या तोंडावर एक टेलर आला. त्याला हँडबिलाच्या वर ठळक अक्षरांत गुड लूक हवं होतं. मी लावायला घेतलं. गुडचे ओ दोन, लूकचे ओ दोन, एकूण चार. आणि खणात ओ तीन! सगळी केस पालथी घातली, मशीनखाली बॅटरी मारून बघितली. शेवटी आकड्यांच्या खणातलं शून्य उचलून चौथ्या ओच्या जागी बसवलं. शून्य ओपेक्षा अंगानं बारीक, त्यामुळं लूकमधला एक ओ उपाशी राहिल्यासारखा दिसत होता. मला वाटलं खपून जाईल. टेलरच तो, त्याची नजर मापाची. कागद हातात घेतल्या घेतल्या म्हणाला, "ह्यो एक डोळा बारका का?" आणि दोन रुपये कापून दिले.

ज्यानं चौथ्या ओसाठी मशीनखाली बॅटरी मारलेली आहे, त्याला "ओ आहे ना त्यात, मग झालं" हे वाक्य कसं पचावं?

कुणी म्हणेल, हा छापखान्याचा नियम, खेळाला कशाला लावता? तर हा नियम आमच्या छापखान्यापेक्षा कितीतरी जुना आहे. एकदा एका कॉलेजचं वार्षिक आमच्याकडं छपाईला होतं. त्यात विज्ञानाच्या एका लेखात मध्येच एक ओळ इंग्रजी अक्षरांची होती: सी, ई, आय, आय, आय, एन, ओ, एस, एस, एस, टी, टी, यू, व्ही. मला वाटलं, लिहिणाऱ्याचा हात घसरला. तीन-तीन आय आणि तीन-तीन एस कुठं असतात का? मी एकेकच ठेवून बाकीचे काढून टाकले आणि प्रूफ दिलं. दुसऱ्या दिवशी प्रोफेसर सायकल मारत छापखान्यात. रागावले नाहीत, उलट स्टूल ओढून बसले आणि मला सगळं समजावून सांगितलं.

रॉबर्ट हूक नावाचा इंग्रज शास्त्रज्ञ. स्प्रिंग जेवढी ताणाल तेवढं तिचं बळ वाढतं, हा नियम त्याला सापडला होता. पण लगेच उघड करायचा नव्हता आणि मागाहून दुसऱ्या कुणी आपलाच म्हणूनही सांगायला नको होता. म्हणून १६७६ साली त्यानं ते लॅटिन वाक्य घेतलं, उत टेन्सिओ सिक विस, त्याची चौदा अक्षरं सुटी केली, ए-बी-सी-डीच्या क्रमानं मांडली आणि तेवढीच छापली. १६७८ मध्ये उलगडा केला. जसा ताण, तसं बळ. प्रोफेसर म्हणाले, "तू जे चार आय-एस काढून टाकलेस ना, त्यात त्याचा अख्खा नियम गेला." चार नव्हे, टी धरून पाच काढले होते मी, पण तेव्हा काही बोललो नाही. मोजणी मात्र तेव्हापासून डोक्यात बसली. हूकनं आय तीनदा लिहिला, कारण वाक्यात आय तीनदा होता. एक अक्षर हवं तितक्यांदा वापरायची मुभा असती, तर त्या चौदा अक्षरांतून वाटेल तेवढी वाक्यं काढता आली असती आणि पुरावा म्हणून त्याची किंमत शून्य झाली असती.

आणि गंमत बघा, हूकनं केलं ते आम्ही रोज करत होतो. मजकूर छापून झाला की खिळे सोडायचे, म्हणजे एकेक अक्षर आपापल्या खणात परत टाकायचं. लिसन सोडा नाहीतर सायलेंट सोडा, खणात पडताना आवाज तेवढेच येतात. नातीला मी हीच युक्ती शिकवली आहे. दोन शब्दांत तीच अक्षरं आहेत का, असा संशय आला की दोन्ही शब्द सोडायचे. ए-बी-सी-डीच्या क्रमानं अक्षरं लिहायची. लिसनचं ई, आय, एल, एन, एस, टी. टिन्सेलचंही ई, आय, एल, एन, एस, टी. जुळलं की जुळलं, वाद घालायचा नाही. स्टॉप, पोस्ट, स्पॉट तिनं अर्ध्या मिनिटात लावले. टी, ईट आणि एट हे त्रिकूट तिला फार आवडतं, म्हणते, "चहा, खा, खाल्लं, तीन अक्षरांत नाष्टा संपला."

आपल्याकडं माझ्या दोन मागण्या आहेत. पहिली लहान. कोड्याच्या वर एक ओळ छापा: दिलेलं अक्षर जितक्यांदा दिलंय तितक्यांदाच वापरायचं. आणि उत्तरं छापण्याआधी कुणीतरी बोट ठेवून मोजावीत. टेस्टची दुरुस्ती पुढच्या रविवारी आली तर आमच्या घरी पेपराची अब्रू राहील, सध्या ती धोक्यात आहे.

दुसरी मागणी मराठीची. इंग्रजीचं कोडं येतं, येऊ दे, पण शेजारी मराठीचंही द्या. आपल्याकडं हा खेळ नाही असं कुणी समजू नये. वाल्या कोळ्यानं "मरा मरा" म्हणता म्हणता राम गाठला, तो हाच खेळ. नदीची अक्षरं फिरवली की दीन होतं. पीक फिरवलं की कपी, म्हणजे माकड. डोंगरकडेच्या शेतकऱ्याला विचारा, ही दोन एकत्र आली की काय होतं! वात आणि तवा, साप आणि पसा, गरज आणि गजर, वारस आणि सवार. आणि मुलांना एक गोष्ट हळूच दाखवता येईल, की ळ कितीही फिरवा, तो शब्दाच्या सुरुवातीला कधी उभा राहत नाही. कमळातला ळ मधे येईल, शेवटी येईल, पुढं यायचा नाही.

मराठीत एक पेच आहे, तो आधी सोडवावा लागेल. अक्षर कशाला म्हणायचं? 'रा' हे एक अक्षर धरायचं, की र आणि काना अशी दोन? शाळेत एक म्हणतात. छापखान्यात काना हा वेगळा खिळा. आमच्या मास्तरांचं लग्न ठरलं तेव्हा एका टारगट पोरानं त्यांच्या स्टिकमध्ये नवरा लावून ठेवला होता. मास्तर आले, बघितलं, काही बोलले नाहीत. तेच चार खिळे उचलले, न, व, र आणि काना, पुन्हा लावले आणि स्टिक त्या पोरासमोर ठेवली. वानर. शाळेच्या हिशेबानं हे चालणार नाही, कारण 'रा' मोडून 'वा' केला. आमच्या हिशेबानं चोख. माझं मत विचाराल तर मुलांसाठी अक्षर म्हणजे मात्रेसकट अख्खं अक्षर धरावं, पण वर तसं लिहावं. पुन्हा कुणाच्या नातीच्या वहीवर फुली नको.

पत्र लांबलं आहे, काटछाट करावी लागली तर टेलरचा भाग काढा, हूकला हात लावू नका. एकदा मी लावला होता.

आपला,
एक निवृत्त कंपोझिटर, शुक्रवार पेठ, कोल्हापूर

ता. क. : नातीनं हट्ट धरला म्हणून लिहितो. तिनं एडिटर या शब्दाचे सहा खिळे सोडून बघितले. त्यातून ट्रायोड होतो, म्हणजे जुन्या रेडिओत असायची ती काचेची नळी. त्याच सहांतून आणखी एक शब्द होतो, आरनं सुरू होणारा. तो मी इथं लिहीत नाही. आपला आपण लावून बघा, आणि राग मानू नका.